नाचता येतंय, पण अंगण?

व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांभोवती खोटं जग उभं करणारा) हेडसेट घातलेल्या माणसाकडे बाहेरून बघणं हा त्या यंत्राने फुकटात दिलेला खेळ आहे, आणि आतल्या बऱ्याच खेळांपेक्षा तो सरस आहे. चांगला पोक्त, शहाणासुरता माणूस डोळ्यांवर डबा बांधून हवेत हात मारत असतो. मधेच उकिडवा बसतो, नसलेल्या भिंतीआडून डोकावतो, "अरे मागे, मागे!" म्हणून कुणावर तरी खेकसतो. आत तो जग वाचवत असतो. बाहेरच्यांना त्याचा वर सरकलेला शर्ट आणि पोट दिसत असतं. आपण कसे दिसतोय याचा त्याला पत्ताच नसल्याने तो इतका निरागस वाटतो, की हसावं की फोटो काढावा ते कळत नाही. (आमच्याकडे दोन्ही केलं जातं.)

हे हेडसेट अपेक्षेला उतरले का, असं कुणी विचारलं की मला आधी विचारावंसं वाटतं, कुणाच्या अपेक्षेला? कारण अपेक्षा काही साध्यासुध्या नव्हत्या. २०१२ मध्ये ऑक्युलस कंपनीने रिफ्ट नावाच्या हेडसेटसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर अडीच लाख डॉलर मागितले आणि लोकांनी चोवीस लाखांच्या वर ओतले. घरोघरी विकायचा हेडसेट अजून तयारही नव्हता, तोच २०१४ मध्ये फेसबुकने दोन अब्ज डॉलरचा सौदा करून ती कंपनी पदरात पाडून घेतली. २०१७ मध्ये फेसबुकच्या मार्क झुकरबर्गने एक अब्ज माणसांना व्हीआरमध्ये आणायचं ध्येय जाहीर केलं. २०२१ मध्ये तर फेसबुक कंपनीचं नावच बदलून मेटा झालं. बारसं आधी आणि बाळ नंतर, असा तो सगळा प्रकार होता. एवढा गाजावाजा झाल्यावर आलेला कुठलाही डबा थोडा लहानच वाटणार.

पण डोळ्यांना फसवायचं जे मूळ काम, ते या डब्याने चोख केलंय. नवख्या पाहुण्याला हेडसेट चढवला की एक प्रयोग हमखास केला जातो. लिफ्टने उंच इमारतीच्या टोकाला न्यायचं. दार उघडतं, समोर अरुंद फळी आणि खाली खोल कुठेतरी मुंग्यांएवढ्या गाड्या. पाहुणा खोलीच्या मधोमध सपाट फरशीवर उभा असतो आणि त्याला ते पक्कं ठाऊक असतं. "खोटं आहे रे हे सगळं," असं तो मोठ्याने सांगतोही. पण पाऊल उचलत नाही. उचललंच तर फरशीवर पाय घासत, अंगठ्याने पुढचं चाचपत, दोन्ही हात पसरून इंचाइंचाने सरकतो. "मार उडी" म्हटलं की शिवी देतो. मेंदूला सगळं माहीत असतं, गुडघ्यांना कुणी कळवलेलं नसतं. टीव्हीसमोर बसून कड्यांवरून बेधडक उड्या मारणाऱ्या पट्टीच्या गेमरचीही इथे तीच गत होते. खेळाच्या इतिहासात असं गुडघ्यांपर्यंत पोचलेलं दुसरं यंत्र मला माहीत नाही.

आणि ही मजल मारायला किती वर्षं लागली! १९६८ मध्ये इव्हान सदरलँड या संगणकतज्ज्ञाने डोक्यावर घालायचा जो पडदा बनवला, तो छताला टांगलेल्या दांड्याला जोडलेला होता, आणि आत दिसायच्या त्या नुसत्या रेषांच्या आकृत्या. १९९५ मध्ये निन्टेंडोने व्हर्च्युअल बॉय काढला. सगळं जग लाल आणि काळं, आणि ते बघायला टेबलावर उभ्या केलेल्या यंत्रात वाकून तोंड खुपसायचं. वर्षभरात त्याचा बाजार उठला. त्यामानाने मेटाचा आजचा क्वेस्ट ३ हेडसेट वायरीशिवाय चालतो, अंगावरच बाहेरच्या बाजूला बसवलेल्या कॅमेऱ्यांनी स्वतःची जागा स्वतः ओळखतो आणि भरतो जेमतेम अर्धा किलो. आता अर्धा किलो हे पिशवीत काहीच नसतं. नाकावर आणि गालफडांवर ते असतं.

माझ्या मते खरी मेख आतल्या जगात नाहीच, आत जायच्या वाटेवर आहे. आज जरा खेळू, असं मनात येतं तिथपासून सुरुवात करू. डब्याचं चार्जिंग बघायचं. ते नसतं, कारण मागच्या वेळी घाम पुसत तसाच ठेवून दिला होता. असलं तरी साधारण दोन तासांची ऐपत. मग लेन्स पुसायच्या, त्याही त्या खास मऊ फडक्यानेच, शर्टाच्या टोकाने नाही. चष्मेवाल्याची आणखी निराळी कथा. चष्मा आत घालून बसवायचा, काचेला काच घासू नये म्हणून मधे ती प्लॅस्टिकची पट्टी लावायची, आणि काढताना चष्मा आतच राहतो तो वेगळा उपसायचा. मग मागचा पट्टा. सैल ठेवला तर चित्र धूसर, आवळला तर कपाळ दुखतं. दोन लेन्समधलं अंतर आपल्या बुबुळांच्या अंतराशी जुळवायचं. एवढं सगळं आटोपून डोळे मिटून उघडावेत, तर समोर निरोप असतो: अपडेट चालू आहे.

या सगळ्यात माझी आवडती जागा म्हणजे नाकापाशी राहणारी फट. कंपन्यांनी स्पंजाची नाना प्रकारची अस्तरं लावून पाहिली (त्यातल्या एका अस्तराने काहींच्या त्वचेची आग झाली म्हणून २०२१ मध्ये क्वेस्ट २ ची अस्तरं परत मागवावी लागली होती, एकट्या अमेरिकेतच सुमारे चाळीस लाख), पण नाकं काही एका मापाची नसतात. त्या फटीतून खाली पाहिलं की आपले पाय दिसतात, फरशीचा तुकडा दिसतो, सोफ्याखाली गेलेली चप्पल दिसते. परग्रहावर उभं राहून स्वतःची चप्पल बघण्यात जी गंमत आहे, ती कुठल्या जाहिरातीत नव्हती. तरबेज लोक त्याच फटीतून फोनवर कुणाचा निरोप आलाय तेही वाचतात. नव्या हेडसेटना समोरच्या कॅमेऱ्यांतून रंगीत खोली दाखवता येते, म्हणून ही फट तशी निकामी झाली आहे. माझा भरवसा अजून फटीवरच.

शरीराची तक्रार मात्र अशी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. खेळात आपण धावत सुटतो. डोळे म्हणतात, धावतोय. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते, छे, उभा आहे नुसता. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळेनाशा झाल्या की निकाल पोट देतं, आणि तो उलटीच्या बाजूने असतो. डोकं वळल्यावर चित्र वळायला उशीर झाला तर आणखीच गरगरतं, म्हणून तो उशीर वीस मिलिसेकंदांच्या आत ठेवायची धडपड असते आणि सेकंदाला ७२, ९० किंवा त्याहून जास्त चित्रं फेकावी लागतात. तरीही धावायचं दुखणं उरतंच, कारण ते यंत्राच्या वेगाचं नाहीच. त्यावर तोड काढली ती अशी, की चालायचंच नाही. बोट रोखून जागा दाखवायची आणि पुराणातल्या देवासारखं तिथे प्रकट व्हायचं. मनसोक्त भटकायला म्हणून विकत घेतलेल्या जगात पायांना रजा. काहींना सरावाने सवय होते, काहींना कधीच होत नाही. ज्यांना होत नाही ते वाद घालत बसत नाहीत. हेडसेट मुकाट्याने कपाटात जातो.

जवळचं वाचायचं म्हटलं तरी तीच अडचण. खेळात सापडलेली चिठ्ठी वाचायला नाकाजवळ आणावी, तर अक्षरं काही केल्या नीट बसत नाहीत. जवळचं पाहताना आपले डोळे एकमेकांकडे वळतात आणि डोळ्यातलं भिंगही तेवढ्याच जवळच्या अंतराला जुळतं. इथे डोळे वळतात खरे, पण पडदा आणि लेन्सची रचना अशी की भिंगाला कायम दीड-दोन मीटरवर बघत राहावं लागतं. जन्मापासून जोडीने चाललेल्या दोन गोष्टींची अशी ताटातूट केली की डोळे थकतात आणि डोकं धरतं.

मग जागेचा प्रश्न. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे म्हण उलटी होते. नाचता छान येतंय, अंगणच नाही. हेडसेट आधी जमिनीवर आपल्याभोवती रेघ आखून घ्यायला लावतो, आणि दोन मीटर गुणिले दोन मीटर मोकळी जागा मिळाली तर बरं म्हणतो. टेबल सरकवलं, खुर्च्या बाहेर काढल्या, पंख्याकडे काळजीने बघितलं, तरी रेघ वाकडीतिकडीच निघते. खेळात समोर अथांग वाळवंट पसरलेलं असतं आणि दोन पावलांवर जाळीची भिंत उभी राहून सांगते की कपाट आलं. बरं, ती भिंत कपाट ओळखते, मधेच खोलीत शिरलेल्या माणसाला ओळखेलच असं नाही. "मी येतेय हं," असं ओरडत स्वतःच्याच घरात भिंतीला चिकटून चालणारी बायको हा व्हीआरचा न मोजलेला खर्च आहे.

आता जे थोडे खेळ या माध्यमाने खरोखर स्वतःचे म्हणून कमावले, त्यांच्याबद्दल. बीट सेबरमध्ये गाण्याच्या तालावर चौकोनी ठोकळे अंगावर येतात आणि दोन्ही हातांतल्या प्रकाशाच्या तलवारींनी ते कापायचे. बस्स. चालणं नाही म्हणून गरगरणं नाही, शिकवावं काही लागत नाही, आणि घाम असा निथळतो की व्यायाम झाला म्हणून मिरवता येतं. दुसऱ्या टोकाला २०२० चा हाफ-लाइफ ॲलिक्स. त्याच्या सुरुवातीलाच गच्चीसारख्या जागेत काचेजवळ मार्कर पडलेले असतात. ते उचलून काचेवर खरंच लिहिता येतं, पुसता येतं. अख्खं शहर परक्यांच्या ताब्यात गेलेलं असताना लोक तिथेच काचेवर चित्रं काढत रमतात. पुढे एका प्रसंगात खोकला येऊ नये म्हणून आपला हात तोंडाशी न्यावा लागतो. कुठलं बटण दाबायचं नसतं, खरोखरच हात न्यायचा. हे पाहिलं की वाटतं, याच्यासाठीच केला होता अट्टहास. पण त्याच्या तोडीचे आणखी किती, असं विचारलं तर व्हीआरचे भक्तसुद्धा बोटं मोजू लागतात आणि दुसऱ्या हातापर्यंत पोचायला वेळ लावतात.

त्यामागचं गणित सरळ आहे. सोनीचा पहिला हेडसेट, प्लेस्टेशन व्हीआर, २०२० च्या सुरुवातीपर्यंत पन्नास लाख विकला गेला. आकडा मोठा वाटतो, पण ज्या प्लेस्टेशन फोर या खेळयंत्राला तो जोडायचा, ते दहा कोटींच्या वर खपले होते. म्हणजे वीस घरांत एक. त्या एका घरासाठी कोट्यवधी डॉलरचा खेळ कोण बनवणार? आणि खेळ नाहीत तर उरलेली एकोणीस घरं यंत्र का घेणार? पदरमोड करून हा तिढा सोडवायला मेटा बसली आहे. व्हीआरचं काम बघणाऱ्या तिच्या विभागाचा २०२४ चा तोटा १७.७ अब्ज डॉलर होता. ॲपलने त्याच वर्षी ३,४९९ डॉलरचा व्हिजन प्रो हेडसेट आणला, पण त्यात खेळांचं कौतुक बेताचंच. पैसा कमी पडला, असं तरी कुणाला म्हणता येणार नाही.

मला वाटतं अडलंय ते आपल्या आळसावर, आणि त्या आळसाचा मी पक्षपाती आहे. संध्याकाळी दमलेल्या माणसाला खेळ हवा असतो तो लोळत, अर्ध्या लक्षाने खेळायला. अंगठे चालू, कान घरातल्या बोलण्यावर, मधेच "हो, गॅस बंद केला" असं उत्तर द्यायचं, फोन वाजला तर थांबवायचं. गेमिंग म्हणून जे काही इतकं फोफावलं, त्यातला मोठा हिस्सा या अर्धवटपणावर पोसलेला आहे. व्हीआरला अर्धा माणूस चालत नाही. त्याला उभा, टक्क जागा, घरातल्यांशी तात्पुरता संबंध तोडलेला अख्खा माणूस लागतो. तेवढा मी रोज शिल्लक नसतो. महिन्यातून एखाद्या रविवारी असतो, आणि त्या दिवशी हा डबा दिलेला शब्द बऱ्यापैकी पाळतो.

अख्खी माणसं ज्यांच्याकडे मुबलक असतात ती म्हणजे मुलं, आणि त्यांनी या यंत्राचं जे केलं ते कुठल्याच कंपनीच्या स्वप्नात नव्हतं. गोरिला टॅग नावाचा एक खेळ आहे. दिसायला ओबडधोबड, बिनपायांचे गोरिला, हातांनी जमीन ढकलत पुढे जायचं, फांद्यांवर चढायचं आणि एकमेकांना शिवायचं. म्हणजे शिवाशिवी. कथा नाही, नकाशा नाही, जगाला कुणी वाचवायचं नाही. मुलं तिथे नुसती ओरडत हुंदडतात, नाहीतर झाडावर बसून शाळेतल्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. अब्जावधी डॉलर ओतून कंपन्यांनी व्हीआरमध्ये ज्या कचेऱ्या आणि बैठकीच्या खोल्या उभारल्या, तिकडे ती फिरकत नाहीत.

उत्सुकतेपोटी मीही एकदा गोरिला होऊन तिथे गेलो. दंड भरून आल्यावर एका खोडाशी टेकल्यासारखा थांबलो. एक निळा गोरिला जवळ आला, मला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "आवाजावरून तुम्ही मोठे वाटता. मोठे आहात?" मी हो म्हटलं. त्याने वळून सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी बोंब ठोकली, आणि सगळे गोरिला हाताला लागेल त्या फांदीवर सटकले. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण राज्य माझ्यावर होतं.