काळ्या रंगाची वारी

आषाढीच्या पहाटे पाचला कळव्याहून आमची दिंडी निघाली. पन्नासेक माणसं, चार-पाच टाळ, एक पखवाज, आणि माझं बोट धरून आठ वर्षांची लेक. पंढरपूर यंदा जमलं नाही, म्हणून ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भ्याजवळच्या छोट्याशा विठ्ठल मंदिरापर्यंत पायी.

लेकीला सोबत आणलं त्याला कारण होतं. शाळेच्या दिंडीत तिला रुक्मिणी व्हायचं होतं. "तू विठोबाच हो, रंग लावायलाही नको," असं तिला सांगितलं गेलं आणि सगळा वर्ग हसला. घरी येऊन ती हातांवर पावडर थापत बसली होती. ते बघून माझ्या पोटात तुटलं. मला बघायला आलेले पाहुणेही म्हणाले होते, "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." तो 'पण' अजून टोचतो.

विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं होतं. ते तुडवून पुढे आलो तेव्हा उजाडत होतं. एका आजींनी कनवटीची डबी काढून लेकीच्या कपाळाला बुक्का लावायला हात पुढे केला. ती मागे सरली. "काळं नको."

"अगं माऊली, वास तर घे," आजी म्हणाल्या.

तिने हुंगलं. कोळशाच्या भुकटीत मुरलेलं चंदन आणि नागरमोथा. मग कपाळ पुढे केलं.

दिघ्यापर्यंत मी तिच्याशी बोलत राहिले. लग्नकार्यात काळं नको म्हणणारे आपणच, आणि नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला कौतुकाने काळी साडी नेसवणारेही आपणच. थंडीत काळा रंग ऊन शोषून ऊब देतो. मंगळसूत्राचे मणी काळे. ती तान्ही असताना रोज आंघोळीनंतर मी तिच्या गालावर तीट लावायची. जे सगळ्यात जपायचं, त्याच्यापाशी आपण काळा रंग ठेवतो. हे मला चालता चालताच उमगत गेलं.

रबाळ्याच्या पुढे डावीकडे पारसिकचा डोंगर पावसाने धुऊन निघाला होता. फोडलेल्या कड्याचा काळा कातळ चकाकत होता. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, हे ऐकून ती थांबून बघतच राहिली. मग म्हणाली, "आणि पांडुरंग म्हणजे?"

"पांडुर म्हणजे पांढुरका."

"काळ्या देवाला पांढरं नाव?"

मला उत्तर सुचेना. शेजारच्या काकांनी तिच्या हातात टाळ दिले, आणि तुर्भ्यापर्यंत ती ते वाजवत आली.

गाभारा एवढासा, गर्दी बेताची. तिने मूर्तीच्या पायांवर दोन्ही हात ठेवले. ओल्या काळ्या दगडावर तिची सावळी बोटं. मागच्या बाई घाई करत होत्या, तरी ती हलेना.

"आई," ती हळूच म्हणाली, "पाय किती थंडगार आहेत गं याचे."