दाढ आणि गणित

आज सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून पोराच्या रक्ताचा रिपोर्ट आणला. नववीत आहे. दोन महिने वहीपुढं नुसता पेंगतोय, गणितात ३१ मार्क. मी आपला मोबाईलच्या नावानं बोटं मोडत होतो.

सीआरपी, म्हणजे शरीरात कुठं सूज आहे का ते सांगणारा रक्तातला आकडा, २२ निघाला; हवा १० च्या आत. किडलेल्या दाढेखाली पू! भीतीपोटी बोललाच नाही. आता आठवतंय, कडक भाकरी नको म्हणायचा. सोलापूरचा असून!

डॉक्टर म्हणाले, सूज असली की शरीरात सायटोकाइन नावाची रसायनं वाढतात, त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो : पडून राहा. मग सुस्ती येते, लक्ष लागत नाही. सगळे मार्क दाढेनंच खाल्ले असं समजू नका, असंही बजावलं.

येताना इडली घेतली. गणिताचा विषय काढला नाही.