कुंडाकडे वाकलेला हात

मराठी पर्यटकांच्या सहली नेण्याचे काम मी अनेक वर्षे करते आहे. तरी आइसलंडमधला तो एक दिवस आठवला की आजही छातीत धस्स होते.

सकाळी रेक्याविकहून निघून आम्ही थिंगवेलिरला पोहोचलो. इ.स. 930 पासून आइसलंडची लोकसभा इथे उघड्या आभाळाखाली भरत असे. उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे भूपट्ट वर्षाला सुमारे 2 सेंटीमीटर एकमेकांपासून दूर सरकत असल्याने इथली जमीन फाटली आहे आणि त्या भेगेतूनच पायवाट जाते. बाजूच्या कातळावर तळवा टेकवून गटातले एक काका म्हणाले, "अहो, हा तर आपला काळा पाषाण!" त्यांचे म्हणणे खरे होते. दोन्हीकडे बेसॉल्टच, मात्र आपल्या सह्याद्रीचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे लोटली आहेत, तर इथला जेमतेम दहा हजार वर्षांचा आहे.

दुपारी हौकादालुरच्या गरम झऱ्यांपाशी वाट ओलांडून जाणारा वाफाळता ओहोळ दिसताच एक काकू भक्तिभावाने खाली वाकल्या. वज्रेश्वरीच्या कुंडांत लहानपणापासून स्नान केलेल्या त्या बाईंना ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचे होते. पाणी 80 ते 100 अंश तापलेले असते, हे मी बसमध्ये सांगितले होते, पण जन्माची सवय सूचनेने थोडीच सुटते! त्यांची बोटे पाण्यापासून वीतभर अंतरावर असताना मी मनगट धरून त्यांना मागे ओढले. मनगट जरा जोरातच धरले गेले, म्हणून मी त्यांची क्षमा मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझा हात धरून उभ्या राहिल्या.

तसेच उभे राहून आम्ही स्ट्रोक्कुर हा थांबून थांबून उसळणारा गरम पाण्याचा झरा पाहिला. खोलवरचे पाणी वरच्या पाण्याच्या दाबामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि तो दाब हटताच एकदम वाफ होऊन उसळते. त्याआधी क्षणभर कुंडाच्या तोंडावर निळा, काचेसारखा नितळ घुमट फुगतो. तो फुटला की पंधरा-वीस मीटर उंच स्तंभ उभा राहतो. दर सहा-दहा मिनिटांनी हे घडते. काकूंनी चार वेळा पाहिले आणि चारही वेळा हात जोडले.

संध्याकाळी गुल्फॉसला हिमनदीचे पाणी घेऊन येणारी ह्विताउ नदी दोन टप्प्यांत 32 मीटर खाली कोसळत होती आणि तिचे तुषार वाटेपर्यंत येत होते. काकूंनी माझ्याकडे पाहून विचारले, "हे पाणी चालेल ना गं?" मी होकार दिला, तेव्हा त्यांनी दोन्ही तळवे तुषारांत धरले आणि ओले हात डोळ्यांना लावले.