पलीकडच्या काठावरची माणसं

दारणा धरण भरलं की आमच्या ग्रामपंचायतीतली एक वस्ती बेट होते. चाळीसेक घरं आणि चारी बाजूंनी फुगवट्याचं पाणी. गावात यायला ग्रामपंचायतीची एकच फायबरची बोट. ग्रामसेवक म्हणून तिचं लॉगबुक, पेट्रोलची बिलं, तिच्याबद्दलचे ठराव, सगळं माझ्याकडे. त्यातला एक ठराव महिनाभर डोक्यातून जात नाही.

ग्रामसभा बाहेरच्यांना वाटते तशी नसते. ठरावाचा मसुदा मी आदल्या रात्री नाशिकला घरी बसून लिहून ठेवतो. सूचक, अनुमोदक कोण हेही बहुतेक ठरलेलं असतं. १५ ऑगस्टला कोरम, म्हणजे किमान हजेरी, भरला नाही, सभा आठवड्यावर तहकूब झाली. तहकूब सभेला कोरमची अट नसते. पुढाऱ्यांना ही सोय फार आवडते आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत मीही ती कधी अडवली नाही.

विषय क्रमांक तीन होता बोट समितीचा. मसुद्यात सात नावं, सातही मूळ गावातली. शेवटची फेरी संध्याकाळी पाचला.

सभेच्या दिवशी सकाळपासून झड लागलेली. बोट अलीकडे बांधून ठेवलेली, कारण नावाड्याला खुर्च्या मांडायला बोलावलं होतं. कार्यालयाच्या मागच्या खिडकीतून पलीकडचा काठ दिसतो. तिथे छत्र्या धरून, प्लॅस्टिकचे कागद पांघरून माणसं उभी होती. मला दिसत होती. तरी मी प्रोसिडिंग लिहीत राहिलो.

ठराव वाचून झाला, सूचक-अनुमोदकांची नावं पडली आणि दारात वस्तीवरच्या आठ-दहा बाया आल्या. जुन्या लाकडी होडीतून वल्ही मारत आल्या होत्या, लुगडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. पुढची म्हणाली, "भाऊसाहेब, आमचं लिवून झालं का?"

सरपंच म्हणाले, "मावशी, विषय झाला. आता पुढच्या सभेत." माणूस वाईट नाही, पण त्या बोटीत तो उद्घाटनाच्या दिवशी बसला तेवढाच.

मावशी हटल्या नाहीत. मला ठराव पुन्हा वाचायला लावला. "एसटी साडेपाचला येती. पोरी शाळेतून येऊन पाचच्या बोटीत कशा बसतील?" मग विचारलं, "आन बोट लावनार कुठं?"

सभागृहात कुणालाच प्रश्न कळला नाही. मलाही नाही. दारणा १९१६ सालचं धरण, त्याचं पाणी नांदूरमध्यमेश्वरमार्गे गोदावरी कालव्यांना जातं. आवर्तन, म्हणजे कालव्यांसाठीच्या पाण्याची पाळी, सुटलं की पातळी उतरते आणि काठ मागे सरकतो. आज जिथे बोट लागते तिथे फाल्गुनात गुडघाभर गाळ असतो. गरोदर बाईला त्या गाळातून उचलून न्यावं लागतं. कागदावर धक्का एकच आहे, पाण्याला मात्र वर्षातून तीन-चार लागतात. हे वस्तीवरच्या लहान पोरालाही माहीत आहे. समितीतल्या सातांपैकी एकालाही नव्हतं.

त्यातच एकीने लाइफ जॅकेटं मागितली. बारा जॅकेटं माझ्याच कपाटात होती, पॅकिंगसकट, साठा नोंदवहीत नीट चढवलेली. मी काढून टेबलावर ठेवली. तिने एक घेऊन बरोबरच्या लहान मुलीच्या अंगात घातलं. ते तिच्या गुडघ्याखाली लोंबत होतं, पट्टा पूर्ण आवळूनही मध्ये माझा हात मावत होता.

२०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आल्यापासून बोटीची नोंदणी, तपासणी, विमा यांच्या चार फायली झाल्या. फेरीची वेळ कुणाला विचारून ठरवली, याला एकाही फायलीत रकाना नाही. आमचं गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्यात, असतं तर वस्तीला स्वतःची ग्रामसभा मागता आली असती. ते तसं नाही, म्हणून मतदारयादीत गाव एक आणि मध्ये पाणी.

लिहिलेला ठराव खोडता येत नाही. मी त्याच्याखाली बायांची हरकत शब्दशः लिहिली आणि सह्या, अंगठे घेतले. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांचा फोन आला, ठरावाखाली असलं लिहायचं नसतं म्हणून. मला ते पटलेलं नाही. पण मी खिडकीतून पाहत असताना पेन खाली का ठेवलं नाही, हे मला अजून सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात मी वस्तीवर जाऊन आलो. मावशींनी काठाने फिरवून पोळ्याला, होळीला आणि अक्षय तृतीयेला पाणी कुठवर असतं ते दाखवलं. पोळ्याच्या जागी त्यांच्या नातवाने बांबू ठोकला. बाकीच्या दोन जागा अजून पाण्याखाली आहेत, तिथे त्यांनी बोटीतूनच हात करून दाखवलं. समितीतली नावं, साडेपाचनंतरची फेरी आणि बोटीची किल्ली कुठे राहणार, हे तिन्ही विषय २ ऑक्टोबरच्या सभेत घेतले आहेत. सभा वस्तीवरच्या शाळेत आहे, बोट सकाळी सातपासून फेऱ्या मारणार. आज रात्री विषयपत्रिका लिहून झाली. मसुद्याची पानं मी कोरी ठेवली आहेत.