आमची वाटचाल : सिएनाचा पानफोर्ते आणि आम्ही

इटलीतल्या सिएना शहराबाहेर आमचं छोटंसं भट्टीघर आहे. मी मूळची नाशिकची, नवरा इथलाच. ऑक्टोबर ते डिसेंबर आम्हाला मान वर करायला वेळ नसतो, कारण आम्ही बनवतो तो पानफोर्ते, म्हणजे मध, बदाम आणि मसाल्यांचा घट्ट गोड रोट, इथला नाताळचा खाऊ.

आज तो रंगीत कागदात विकला जातो, पण मूळ शेतकऱ्यांच्या घरातलं. १२०५ सालच्या एका दस्तात मोंतेचेल्सोच्या मठाला कुळांनी मिरीचे आणि मधाचे रोट द्यायचे, अशी नोंद आहे. पुढे मसाल्यांचे व्यापारी आणि औषधवाले तो बनवू लागले. दालचिनी, लवंग, जायफळ त्यांच्याकडेच मिळायचं ना! १८७९ मध्ये इटलीची राणी मार्गेरिता सिएनाला आली, तेव्हा तिच्यासाठी पिठीसाखर भुरभुरलेला सौम्य, पांढरा प्रकार निघाला. आम्ही दोन्ही करतो, पण माझा जीव जुन्या, मसालेदार काळ्या प्रकारातच.

मला हे शिकवलं सासूबाईंनी. त्या दर नाताळला घरी करायच्या, शेजारीपाजारी वाटायच्या. सगळं पाकावर अवलंबून असतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं आणि मला एकदम आपलं वाटलं. संक्रांतीला आई वाटीभर पाण्यात गुळाच्या पाकाचा थेंब टाकून गोळी होते का बघायची, तसंच इथे मध-साखरेचं. थेंब पाण्यात विरघळला तर पाक कच्चा, टणक झाला तर पानफोर्ते दाताला लागणार. बोटांत दाबल्यावर मऊ गोळी झाली की लगेच भांडं उतरवायचं. मग सालासकट भाजलेले अख्खे बदाम, पाकवलेलं महाळुंग आणि खरबूज, मसाले, थोडं पीठ. मिश्रण झपाट्याने घट्ट होतं. गरम असतानाच ओल्या हातांनी साच्यात थापावं लागतं. खाली कागदासारखी पातळ, खाता येणारी पापडी. थर्मामीटर आहे आमच्याकडे, पण शेवटचा शब्द बोटांचा.

सुरुवातीला बँकेने कर्ज नाकारलं. जुनी भट्टी विकत घेतली, परवाने काढले आणि जवळच्या बाजारांत टेबल मांडलं. २०१३ मध्ये ‘पानफोर्ते दि सिएना’ या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. आता ते नाव लावायचं तर माल सिएना प्रांतातच, ठरलेल्या पद्धतीनेच बनायला हवा. तपासणीचा खर्च आमच्यासारख्यांना जड जातो, तरी आम्ही तो आनंदाने करतो. एका घाऊक व्यापाऱ्याने बदाम कमी करून भाव उतरवायला सांगितलं होतं. ऑर्डर मोठी होती, आम्ही सोडून दिली. बदाम काढले तर उरतं काय? नुसती साखर!

आता हंगामात गावातल्या दोघी मदतीला येतात. सासूबाई अजूनही प्रत्येक घाण्याचा एक तुकडा चाखतात आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय कागद गुंडाळला जात नाही. युरोपातली मराठी मंडळी दिवाळीनंतर मागणी नोंदवतात. त्यांना एकच सांगणं : फ्रीजमध्ये ठेवू नका, कोरड्या जागी डब्यात ठेवा, महिनोन्‌महिने टिकतो. आणि कापताना अगदी पातळ काप करा, घाई न करता चावा.