किल्ल्यावर जाऊन येतो

रविवारी दुपारी साडेतीनला, म्हणजे जेवण अंगावर आलेलं आणि चहाला अजून अर्धा तास अशा बेवारस वेळी भाचीचा ऑस्लोवरनं व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळचे अकरा. उचलला तर नुसतं पांढरं. मला वाटलं खिशातनं चुकून लागला असणार. मग त्या पांढऱ्यात काळी झाडं दिसायला लागली, एक लालबुंद नाक दिसलं आणि "मामा ऐक ऐक" म्हणत तिनं फोन खाली पायाशी धरला. स्स्स... स्स्स... सुतार लाकडावर रंधा मारतो तसा आवाज. पायात स्की घालून बाईसाहेब घरामागच्या जंगलात निघाल्या होत्या.

मी म्हटलं, ट्रिपला गेलीयस का कुठं? तर म्हणे, "कसली ट्रिप मामा, कुकर लावायच्या आधी जाऊन येते जरा."

हे "जाऊन येते" माझ्या कानात राहिलं. कारण आमच्या साताऱ्यात अजिंक्यताऱ्यालासुद्धा हेच लावतात. दळण टाकून येतो, पेढे घेऊन येतो, किल्ल्यावर जाऊन येतो. नावसुद्धा घेत नाही कुणी, नुसतं किल्ला. कासला मात्र कुणी जाऊन येत नाही, कासला "जायचं असतं". आधी ग्रुपवर चार दिवस चर्चा, मग गाडी कुणाची, बुकिंग झालं का, फुलं आहेत का संपली, आणि 2012 ला युनेस्कोच्या यादीत नाव लागल्यापासनं तर सप्टेंबरातल्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात पहिला गिअर आणि पुढच्या गाडीची मागची काच एवढंच निसर्गदर्शन. फुलं सुंदर असतात, नाही कोण म्हणतंय, पण बायको शेवटी तिथं म्हणाली होती की आपल्या किल्ल्यावरची सोनकी बघून आलो असतो तर आत्ता घरी असतो.

भाची सांगत होती, तिच्याकडं मेट्रोच्या एक नंबरच्या लाईनीत माणसं उभ्या स्की हातात धरून बसतात, आपल्याकडं एसटीत उसाची मोळी घेऊन चढावं तशी, आणि शेवटच्या फ्रॉग्नरसेटेरेन स्टेशनला उतरलं की लगेच जंगल. नूरमार्का. शहराच्या उत्तरेला लागूनच. मशीन बर्फावर दोन समांतर खाचा पाडून जातं, त्या खाचांत पाय ठेवायचे आणि निघायचं. हिवाळ्यात सव्वातीनलाच सूर्य बुडतो म्हणून काही वाटांवर दिवे लावलेत, ऑफिस सुटल्यावर लोक अंधारात जाऊन येतात. आणि 2009 साली त्यांनी कायदाच केला म्हणे की शहरानं वाढत वाढत ह्या जंगलात घुसायचं नाही. हे ऐकून मी गप्प बसलो. आमच्या डोंगराच्या बुडाशी काय काय चढत चाललंय ते तिनं पाहिलेलं नाही, येईल तेव्हा दिसेलच.

मग ती एका ओंडक्यावर बसली, खिशातनं चॉकलेट काढलं आणि एक छोटी गोल डबी काढली. मेण. मी म्हटलं, हां, सरकायला. तर म्हणे नाही मामा, हे न सरकायला. स्कीच्या मधल्या भागाला हे लावतात, पायानं दाब दिला की तेवढ्यापुरतं बर्फाला धरतं आणि मग पुढं रेटता येतं. टोकांना लावायचं ते वेगळं, ते सरकायचं. कडक थंडीला हिरवं, त्याहून कमी थंडीला निळं, शून्याच्या आसपास लाल. चुकीचं लावलं तर एकतर जागच्या जागी पाय घसरतात, नाहीतर खाली बर्फाचे गोळे चिकटतात. पहिल्या पावसात चप्पलेखाली चिखलाचा थर चढून माणूस दोन इंच उंच होतो तसं. ती बोटानं मेण घासत होती आणि मला एकदम आमच्या घरातली मेणबत्त्यांची चोरी आठवली.

झालं असं की आमचं घर अदालत वाड्याच्या अलीकडं, त्यामुळं डोंगर म्हणजे परसच. चार भिंतीच्या वरच्या अंगाला एक उतार होता. (चार भिंती म्हणजे राजघराण्यातल्या बायकांना दसऱ्याची मिरवणूक बघता यावी म्हणून प्रतापसिंह महाराजांनी बांधलेली जागा, आम्ही तिथं मुख्यतः चिंचा खायचो.) दिवाळीनंतर तिथलं गवत वाळून पिवळंधमक व्हायचं आणि इतकं गुळगुळीत की उभं राहिलं तरी पाय निसटायचा. तर पुठ्ठा घ्यायचा, वाण्याकडनं साबणाचा खोका मागून आणलेला, त्याच्या खालच्या बाजूला मेणबत्ती घासायची, खसाखसा, पुठ्ठा चकाकेपर्यंत, मग वर बसायचं, पुढची कड दोन्ही हातांनी वर ओढून धरायची आणि मागनं कुणीतरी ढकललं की सुसाट. थांबायची सोय नव्हती. खाली घाणेरीचं झुडूप होतं, ते थांबवायचं. मोठी पोरं गोणपाट घ्यायची, त्याला मेण धरत नाही पण चारजण बसतात.

त्या काळी संध्याकाळी लाईट जायची. आई फळीवर हात घालायची तर मेणबत्त्या हाताला यायच्या पण एका बाजूनं झिजून चपट्या झालेल्या, वात बाहेर आलेली. तिनं आधी उंदरावर घेतलं. मग एकदा माझी चड्डी धुवायला घेतली आणि तिच्या बोटात कुसळ गेलं.

कुसळ ज्यांना माहीत नाही त्यांना ते सांगून समजणार नाही. ते कापडात जातं ते पुढंच जातं, मागं येत नाही. आईनं मला पायरीवर पालथं पाडलं आणि संध्याकाळच्या उजेडात एकेक कुसळ नखानं ओढून काढायला लागली, दर कुसळामागं एक धपाटा. पन्नासेक तरी निघाली असतील. धपाटे मोजायचे थांबवून ती मधेच म्हणाली, "किती लांबनं येता रं घसरत?" तेवढं विचारण्यात राग नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी म्हटलं वरच्या खडकापासनं. ती काही बोलली नाही, पुढचं कुसळ काढलं.

किल्ल्यावर जायची माझी वाट अजून तीच आहे. डांबरी रस्ता थेट दरवाजापर्यंत जातो, लोक गाडीनं जातात, दूरदर्शनच्या मनोऱ्याखाली सेल्फी काढतात, येतात. जावं. मी पायवाटेनंच जातो आणि गाडीनं आलेला माणूस दरवाजात "किती वेळ लागला ओ चढायला" विचारतो तेव्हा मी उगाच दहा मिनिटं कमी सांगतो. वर मारुतीला हात जोडायचे, मग मंगळाईच्या देवळाकडनं तटाच्या कडेला. आमचे आजोबा तिथं दरवेळी तीच गोष्ट सांगायचे, 1700 च्या एप्रिलची. औरंगजेबाच्या लोकांनी सुरुंग उडवला, किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले, आणि दुसरा सुरुंग फुटला तो मोगलांच्याच अंगावर. आजोबा हे असं सांगायचे जसं काही दगड ह्यांच्यासमोर पडले. किल्ला पुढं पडलाच, आझमतारा असं नावही मिळालं, पण तेवढा भाग आजोबा खाली उतरताना, घाईत सांगायचे.

वरनं आपलं घर शोधायचं असतं. ते सापडतं तरी दरवेळी शोधायचं. आधी राजवाडा, मग डावीकडं सरकत गच्चीवरची निळी टाकी. पलीकडं यवतेश्वर, सज्जनगड. फोटो काढत नाही मी, उद्या परत यायचंय ना.

म्हणजे यायचं असायचं. गेल्या पावसाळ्यात गुडघ्यात कट् झालं, डॉक्टर म्हणाले सपाटीला चाला. तेव्हापासनं मैदानाला फेऱ्या मारतो, आठ फेऱ्या, अर्धा वेळ किल्ला समोर आणि अर्धा वेळ पाठीशी. पाठीशी असतो तेव्हा जरा भराभर चालतो.

हे भाचीला सांगितलं नाही. ती मेमध्ये येणार आहे. फोन ठेवताना म्हणाली, "मामा, येताना काय आणू? चॉकलेट आणतेच." मी म्हटलं, चॉकलेट राहू दे, ते मेण आण. न सरकायचं नको, दुसरं, सरकायचं.

"कशाला?" म्हणेपर्यंत नेट गेलं.