हॉलच्या छताला दिवा नाही

मी लायटिंगची कामं घेतो. अलिबागकडच्या बंगल्याचा नकाशा हातात आला की आधी छतावरचे गोल, म्हणजे दिव्यांच्या खुणा, मोजायचे, मग कोटेशन. या बंगल्याच्या हॉलमध्ये गोलच नव्हते. इंटिरियरवाल्या मॅडमना फोन केला. "तिथे नाहीतच," म्हणाल्या.

फॉल्स सीलिंग नाही, म्हणजे वायर लपवायला जागा नाही. भिंतींना चुन्याचा गिलावा, वर रंग नाही. त्यात मागाहून कटर लावून पॅच मारला की तो कायमचा दिसतो. म्हणून भिंतीतले पॉइंट गिलाव्याआधी पक्के, स्लॅबमधले कंड्यूट, म्हणजे वायरीचे पाइप, काँक्रीटच्या आधी. मालक कुठे बसून वाचतात, हे मॅडमनी तेव्हाच विचारून घेतलं होतं. एरवी हा प्रश्न सोफा आल्यावर निघतो, आणि मग एक्स्टेन्शन बोर्ड निघतो.

खाली कोटा दगड, तोही आरशासारखा न घासलेला. एवढा पैसा असता तर मी इटालियन मार्बल घातला असता, खोटं कशाला बोलू! पण लादीची रेघ दाराच्या चौकटीला बरोबर मिळून तशीच व्हरांड्यात जाते, कुठे तुकडा जोडलेला नाही. स्कर्टिंगऐवजी भिंतीच्या तळाशी नुसती खाच. सुतार मेस्त्री वैतागून म्हणाले, "पट्टी असली की वाकडंतिकडं झाकतं. इथं झाकायला काय ठेवलंय बाईंनी?"

ट्रायल अंधार पडल्यावर घेतली. सगळे दिवे 2700 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे; सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 च्या वर. बाकामागचा उजेड भिंतीला घासत वर चढला आणि थापीचे फटकारे उठून दिसले. असा तिरका उजेड म्हणजे एरवी गवंड्याचा शत्रू, लहानसा फुगवटाही पकडतो. इथला गवंडी मात्र दोनदा येऊन स्वतःचं काम बघून गेला.

मॅडम एकेक दिवा विझवत होत्या. कोनाड्यातला तर काढायलाच सांगितला.

"पैसे दिलेत त्याचे," मी म्हटलं.

"म्हणून लावून ठेवायचा?"

मालकांच्या आई आतून आल्या. हॉल त्यांना आवडला. जेवणाच्या टेबलावर एकच लोंबता दिवा होता, तो बघून म्हणाल्या, "इथं मात्र उजेड हवा हो. माशाचा काटा दिसायला नको?"

मॅडमनी वाद घातला नाही. डिमर स्वतः फिरवला, आजींनी मान डोलावली तिथे थांबवला आणि मला खूण करून ठेवायला सांगितली.